एसी लावला की दादांना ठसका

आधीच सांगते – मी विज्ञान शिकवते. शाळेत जिभेवर कापूर पेटवून दाखवणारी, लिंबातून 'रक्त' काढून मग त्यात कुठलं केमिकल होतं ते मुलांना सांगणारी बाई आहे मी. करणी, भानामती, अंगात येणं... असलं काही कानावर आलं की माझ्या कपाळावर आठी पडते. या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही निम्म्या वेळा मी मनात उत्तरं शोधत असते. तरीही आज माझ्याच घरातलं लिहिते आहे. कोणाला उत्तर सापडलं तर जरूर सांगा. मला सापडलेलं नाही.

माझं सासर गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, केशोरीच्या थोडं अलीकडे. सगळीकडे धान, आणि ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांच्या मिरच्या. आमच्या घरात सासूबाई, आम्ही दोघं, आणि माझे भासरे, म्हणजे थोरले दीर – आम्ही त्यांना दादा म्हणतो – आणि त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, ताई. घरात दादांचा शब्द शेवटचा. गाडी माझी आहे, माझ्या पगारातून घेतलेली पांढरी छोटी गाडी. पण सुट्टीच्या दिवशी चावी दादांच्या खिशात. विचारायची पद्धत नाही. माझे मिस्टर म्हणायचे, "जाऊ दे ना, मोठे आहेत."

गावाच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, तुळसाबुडीचं घर आणि जमिनीचा एक पट्टा होता. बुडी म्हणजे आमच्याकडे म्हातारी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्या पट्ट्यात ती मिरच्या लावायची, आणि त्यावरच तिचं वर्ष निघायचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दर उन्हाळ्यात पदरात बांधून मला मूठभर मिरच्या आणून द्यायची – "घे मास्तरीन, पोरगी होस तू माही."

दादांना तो पट्टा गोदामासाठी हवा होता. दोनतीनदा विचारून झालं होतं. बुडी नाही म्हणायची आणि दादांना 'नाही' ऐकायची सवय नव्हती.

फाल्गुनातली गोष्ट. आम्ही पाहुण्यांकडच्या बारशाहून परत येत होतो. दादा गाडी चालवत होते, ताई आणि मी मागे. मिस्टर आणि सासूबाई घरीच होते. बुडीच्या अंगणात मिरच्या वाळत पडल्या होत्या. सगळ्या हंगामाच्या. लालभडक... रस्त्याच्या कडेपासून तिच्या दारापर्यंत. दादांनी गाडी थांबवून काच खाली केली.

"बुडे, अखरीचं इचारून राहिलो. देतेस का नाई?"

"नाई देत," बुडी खाटेवरून म्हणाली. "कितीदा सांगू?"

"मंग रस्त्यावर कायले पसरवून राहिलीस? रस्ता तुह्या बापाचा होय का?"

"रस्ता थो तिकडं आहे, पाह्य. हे माहं आंगन होय."

दादांनी काच वर घेतली. मला वाटलं, निघाले. पण त्यांनी स्टेअरिंग वळवलं आणि गाडी सरळ मिरच्यांवर घातली. चाकांखाली वाळल्या मिरच्यांचा कुर्र... कुर्र असा आवाज आला. मी ओरडले, "दादा, काय करता! थांबवा, माझी गाडी आहे ही!"

"तू गप राह्य."

मग रिव्हर्स घेतला. मग पुन्हा पुढे. ताईंनी माझा हात घट्ट धरला होता आणि त्या खाली बघत होत्या. दादा शांतपणे, शेत नांगरावं तसे, कडेकडेनं सगळं अंगण फिरले.

बुडी रडली नाही. शिव्याही दिल्या नाहीत. गाडी थांबली तेव्हा ती उठली, चिरडलेल्या मिरच्यांची मूठ उचलली आणि बोनेटजवळ आली. समोरच्या काचेच्या खाली, वायपरपाशी, जाळी असते ना – गाडीत हवा जाते ती – त्या जाळीत तिनं ती मूठ हळूहळू सोडली. जात्यात घास टाकतात तशी. दादांकडे बघत म्हणाली, "घे. खाय. पोटभर खाय."

दादा हसले आणि गाडी घरी आणली.

दुसऱ्या दिवशी मी पोती घेऊन तिच्याकडे गेले, निदान उरलेलं वेचून द्यावं म्हणून. तिनं हात लावू दिला नाही. "तुहा काई दोष नाई, बाई. पन राहू दे." त्या वर्षी तिनं एक मिरची विकली नाही. चैत्र लागता लागता बुडी गेली. शेजारीण चहा द्यायला गेली तर अंगणात बसल्या जागीच... दिवस होऊन गेल्यावर तिच्या पुतण्यानं पट्टा दादांच्या नावावर करून दिला. त्याला शेती करायचीच नव्हती.

रजिस्ट्रीच्या दिवशी दादा माझी गाडी घेऊन अर्जुनीला निघाले. शेजारी ताई, मागे आम्ही दोघं. ऊन चढलं होतं म्हणून गावाबाहेर आल्यावर दादांनी एसी लावला, आणि त्यांना ठसका लागला. साधा नाही. डोळ्यांतून धारा, नाक लाल, श्वास घेता येईना. गाडी कडेला लावून ते बाहेर पडले आणि पळसाच्या झाडाला धरून खोकत राहिले.

"मिरची," म्हणाले. "गाडीत मिरची भरली आहे साली."

आम्हा तिघांना काहीच जाणवलं नव्हतं.

पण मला नवल वाटलं नाही, कारण उत्तर समोर होतं. एसी बंद, काचा उघड्या ठेवून रजिस्ट्री उरकली. घरी आल्यावर मी डॅशबोर्डचा कप्पा रिकामा केला, दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडला, मागचं झाकण काढून केबिन फिल्टर बाहेर ओढला. आमच्या भागात त्यात नेहमी धानाचं तूस आणि पानांचा चुरा निघतो. या वेळी त्याच्या घड्याघड्यांत मिरचीचं बी आणि लाल भुकटी होती. मी मिस्टरांना दाखवलं, "हे बघा. जाळीतून आत गेलंय." जाळी पाण्यानं धुतली, आतला खण पुसला, फिल्टर फेकून नवा बसवला – बाणाची दिशा बघून, नीट. पुढे आठवडाभर मी एसी लावून शाळेत जात होते. वास नाही, शिंक नाही, काही नाही.

रविवारी दादा बसले. बुडीचं अंगण ओलांडायच्या आतच ठसका.

मी फिल्टर काढला. पांढरा स्वच्छ. नाकाला लावून हुंगला – नव्या कागदाचा वास.

मग गाडी गोंदियाला नेली – एसी बंद, काचा उघड्या, तेव्हा कुठे दादा बसू शकले. तिथल्या मेकॅनिकनं ब्लोअर उतरवला, कॉइल धुतली, पाइप हवेनं साफ केले. मग दादांना शेजारी बसवून चक्कर मारायला निघाला आणि कोपऱ्यावरूनच परत आला. दादा दार उघडून अक्षरशः बाहेर पडले, शर्ट घामानं आणि लाळेनं भिजलेला. मेकॅनिक मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, गाडी में तो कुछ नहीं है. भाईसाब को दिखाओ."

दाखवलं. छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं, ॲलर्जीची टेस्ट केली. सगळं नॉर्मल. मी मनाशी ठरवलं – मानसिक आहे. मनात अपराधभाव आहे, तो घशात आला. विज्ञानाची बाई अजून शाबूत होती.

मग दादांच्या मित्रानं नवी कोरी मोठी गाडी घेतली, प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. दादा ऐटीत पुढे बसले. नवेगावच्या जंगलाआधीच त्यांना उतरवावं लागलं. तेही मी मनावर ढकललं असतं. पण त्यानंतर जे झालं ते मला ढकलता आलं नाही.

सासूबाईंनी ठरवलं की दादांना नजर लागली. एका सकाळी त्यांना स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. नजर असली तर मिरच्यांचा ठसका येत नाही म्हणतात. मी मुद्दाम उभी राहिले, कारण मिरच्या जळल्या की ठसका येणारच. आणि आला! सासूबाई पदर तोंडाला लावून पळाल्या, ताई मागच्या दारानं गेल्या, गोठ्यात मिस्टर शिंकायला लागले. मी भिंत धरून खोकत होते, डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं. आणि त्या धुरात, चुलीपासून हातभर अंतरावर, दादा पाटावर मांडी घालून स्वस्थ बसलेले. माझ्याकडे आणि मागच्या दाराकडे आळीपाळीनं बघत होते.

"काय झालं?" म्हणाले. "काऊन खोकून राहिले सगळे? मिरच्या टाकल्या का नाई अजून?"

त्यांना वासही येत नव्हता. कोरडे डोळे. असं नाटक करता येत नाही हो... कोणालाच नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग चुलीकडे. आणि त्यांना कळलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी दादांना घाबरलेलं पाहिलं. इथे मी खोटं लिहिणार नाही – मला बरं वाटलं. आतून, पोटातून बरं वाटलं.

वैशाखात एका दुपारी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. हे मात्र खरं दुखणं होतं, डावा हात धरून ते पडवीत बसले. तेव्हा घरी गाडी चालवणारी मी एकटीच होते. मी गाडी दारात आणली, एसी बंद, ब्लोअर बंद, चारही काचा खाली. फिल्टरसुद्धा ओढून अंगणात टाकला. ताईंनी आणि मी त्यांना मागच्या सीटवर टेकवलं. दार लावलं आणि त्यांचे डोळे पांढरे व्हायला लागले. गाडी चालूही केली नव्हती मी.

"बुडे..." ते म्हणाले. "बुडे, सोड. जमीन परत देतो. सोड ना."

परत द्यायची कोणाला? बुडी उरली नव्हती, आणि पुतण्याला ती नकोच होती. ताईंनी दार उघडून त्यांना बाहेर ओढलं. शेजारचा ट्रॅक्टर तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकून आला होता. त्याच्या उघड्या ट्रॉलीत, उरलेल्या तणसावर, दादांना आडवं घातलं. डोक्यावर ऊन, अंगाला कुसळं, आणि गाव दारादारात उभं राहून बघतंय. ज्या माणसासमोर कोणी खाटेवर बसत नव्हतं, तो गोऱ्ह्यासारखा ट्रॉलीत पडून बुडीच्या अंगणावरून गेला. मी मागून गाडी घेऊन होते. उघड्यावर त्यांना एकदाही खोकला आला नाही. केशोरीच्या दवाखान्यात वेळेत पोचलो. सौम्य झटका होता, वाचले.

पण तेवढंच. बंद गाडी, जीप, ॲम्ब्युलन्स – कशातही बसता येत नाही. बसमध्ये खिडकीपाशीही नाही. भाचीच्या लग्नाला जाता आलं नाही, निवडणुकीच्या प्रचारातून नाव गेलं, जमिनीच्या एका जुन्या दाव्याच्या कोर्टातल्या तारखांना वकीलच जातो. गोदामाचा पाया खोदून तसाच पडला आहे. पट्ट्यावर पाऊल टाकायला दादा तयार नाहीत आणि दुसऱ्या कोणाला टाकू देत नाहीत. सायकल आहे, आणि मागून मिळालीच तर कोणाची ट्रॉली. मिस्टर एकदा म्हणाले, गाडी बदलू या, त्यांना बघून त्रास होतो. मी म्हटलं, मला होत नाही.

ताई पूर्वी माहेरी जायच्या ते दादांनी नेलं तर. आता दर महिन्याला माझ्या शेजारी पुढे बसून जातात. परवा आम्ही निघालो तेव्हा भर उन्हात दादा सायकल हातात धरून चढ चढत होते, सदरा पाठीला चिकटलेला. आमचा हॉर्न ऐकून बाजूला झाले. मी वेग कमी केला. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ, मग काच वर घेतली.

"एसी वाढव थोडा," म्हणाल्या.

मी वाढवला. थंडगार, स्वच्छ हवा येत होती. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही... आणि खरं सांगू? हल्ली मी ते फारसं शोधतही नाही.