सुगीच्या सभेतली बकरी

माझ्या तरुणपणातलं एक अख्खं वर्ष मी वडिलांच्या दाढीच्या आरशात पाहिलं. पाठीच्या मणक्याला क्षय झाला होता. जालन्याच्या डॉक्टरांनी काखेपासून कमरेखालपर्यंत प्लास्टर घातलं आणि बजावलं, उताणं पडून राहायचं, बसायचं नाही, उठायचं तर नावच नको. वडिलांनी विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "हाड भरेपर्यंत." हाड कधी भरणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, ते त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. एसटीच्या मागच्या लांब बाकावर मला आडवी टाकून देऊळगाव राजाला आणलं, चौघांनी उचलून खाटेवर ठेवलं, आणि माझं जग संपलं.

पडल्या पडल्या आढं दिसायचं. आढ्याला किती वेळ पाहणार? कुठल्या लाकडाला कुठे गाठ आहे हे पाठ झालं, मग त्याचाही वीट आला. वडील शाळामास्तर. त्यांना काय सुचलं कोण जाणे, एका सकाळी त्यांनी आपला दाढीचा आरसा तारेने बांधून खाटेवर तिरपा टांगला. त्यात दार, ओसरी आणि अंगणाचा एक तुकडा दिसायला लागला, तोही उलटा. त्या दिवसापासून वडील आरशाशिवाय दाढी करायचे. रोज हनुवटीवर एक नवी चीर, तिच्यावर तुरटी. शाळेतली पोरं हसत असणार. मला मात्र हसू येत नव्हतं. त्या दिवसांत मला कशाचंच हसू येत नव्हतं.

आमचं घर ख्रिस्ती. देऊळगाव म्हणजे बालाजीचं गाव, तिथे ख्रिस्ती घरं मोजकीच, त्यामुळे कुणाकडे दुखणं आलं की सगळी मंडळी त्या घरी लोटायची, खाटेभोवती उभी राहायची आणि एकेक जण मोठ्याने प्रार्थना करायचा. पद्धत चांगली आहे. फक्त खाटेवर आपण असू नये. लोक माझा आजार देवाला माझ्यादेखत समजावून सांगत. एक काकू म्हणाल्या, "प्रभू, हिला धीर दे, ही पोर किती रागीट आहे हे तू जाणतोसच." एका आजोबांनी तर "न्यायचीच असेल तर त्रास न देता ने," अशी माझी सोयही लावून टाकली. मी दात आवळून पडून होते. उठून जाता येत नव्हतं, कूस बदलून भिंतीकडे तोंडही करता येत नव्हतं.

आजोबा गेल्यावर मी आईला सांगितलं, "आजपासून या खोलीत कोणी प्रार्थना करायची नाही. तूसुद्धा नाही. मी माझ्या पायांवर उभी राहीन, तेव्हा बघू."

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. ती संग्रामपूरकडची. इतकी वर्षं देऊळगावात काढूनही तिची बोली सातपुड्याच्या पायथ्याचीच, बायकाही 'मी करतो' म्हणणारी, राहिली होती, आणि जीभ चांगली धारदार होती. मला वाटलं, आता ऐकवेल. ती म्हणाली, "बरं, बाई."

प्रार्थना म्हणजे आईचा श्वास होता. चूल पेटवताना, दळताना, पाणी भरताना तिचं चालूच असे. लहानपणी आम्ही प्रार्थनेत डोळे उघडले की तिच्या चिमट्याने मांडी लाल व्हायची. तीच बाई आता मला भरवायला बसली की पहिला घास हातात घेऊन क्षणभर थांबायची. ओठ हलू द्यायची नाही. मग घास माझ्या तोंडात घालायची. ते थांबणं मला अंगावर यायचं. "दे ना लवकर," मी खेकसायचे. ती देत असे.

मी स्वतःही प्रार्थना सोडली होती. देव नाही, असं काही मला वाटत नव्हतं. असलं काही वाटायला माणूस शिकलेलं तरी लागतं नाही तर सुखी तरी. मला वाटे, तो आहे आणि बाहेर कुठेतरी उन्हात हिंडतो आहे. मला इथे कोंडून किल्ली घेऊन गेला आहे. असल्या देवाशी काय बोलायचं?

याच सुमारास आरशात गोबी आली. पंचायत समित्या तेव्हा नव्यानेच निघाल्या होत्या. तिथल्या कचेरीतून कुणीतरी वडिलांना फुलकोबीची मूठभर रोपं दिली. आमच्याकडे वांगी, मेथी, मिरची कुणाच्याही परसात निघायची, पण फुलकोबी कुणी लावलेली नव्हती. बहुतेक रोपं मेली. एक जगलं, ते नेमकं आरशात दिसणाऱ्या अंगणाच्या तुकड्यात. आई त्याच्यामागे हात धुऊन लागली. भाजी धुतलेलं पाणी त्याला, चुलीतली राख त्याला. गड्डा धरायला लागला तेव्हा पानं वर ओढून तिने ती सुतळीने बांधली, उन्हाने पिवळा पडू नये म्हणून. रोज सकाळी सुतळी सोडून आत डोकवायची आणि परत बांधायची.

आणि तिथे बसून ती पुटपुटायची. आरशात तिची पाठ दिसायची, पण पाठीवरूनही कळायचं. मी खोलीतून हाकललेली प्रार्थना तिने गोबीजवळ नेऊन बसवली होती. मला आधी राग आला. मग राग यायचाही कंटाळा आला. आई उठून आत आली की मी डोळे मिटून घ्यायचे.

शेजारच्या घरातली माणसं थोड्या वर्षांपूर्वी बौद्ध झाली होती. त्या घरची वहिनी रोज दुपारी मला कुशीवर करायला आईच्या मदतीला यायची. दोघी मिळून मला ओंडक्यासारखी वळवत, प्लास्टरच्या कडेची कातडी पुसत. वहिनी म्हणायची, "काकू, तुमी त्या गोबीले पोरीपरीस जास्त जपता." आई म्हणायची, "थे देवाले द्यायची हाय. सुगीसाठी ठेवली मी."

सुगीचा सण म्हणजे आमच्या मंडळीचा मोठा दिवस. ज्याच्या घरी जे पिकलं त्यातलं चांगलं आणून देवापुढे ठेवायचं, उपकार मानायचे, मग ते गरजूंना वाटायचं. दरवर्षी हे शाळेजवळच्या पत्र्याच्या खोलीत व्हायचं. त्या वर्षी आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले, "मंडळीतलं एक लेकरू उठू शकत नाही, तर मंडळीनेच त्याच्याकडे जावं. यंदा सुगी मास्तरांच्या घरी."

मला कुणी विचारलंच नाही. आईने विचारलं. दारात उभी राहून, हातातला पदर पिळत म्हणाली, "एक दिवस फक्त, बाई. तू म्हणशीन तर मी नाही म्हनून सांगतो त्याइले."

तिच्या त्या उभं राहण्यानेच मला हरवलं. पण तोंडातून निघालं ते असं, "करा काय करायचं ते. मी काय पळून जाणार आहे?"

सणाच्या दिवशी खोली गच्च भरली. माझ्या पायाशी, भिंतीला, खिडकीला माणसं. खोलीत जागा नव्हती म्हणून अर्पणं दाराबाहेर ओसरीवर मांडली होती: ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, वांगी, मेथीच्या जुड्या, पाय बांधलेली एक कोंबडी. मधोमध पितळी परातीत आईची फुलकोबी. सुतळी सोडलेली नव्हती. आई ती पाळकसाहेबांसमोर सोडणार होती, सगळ्यांनी पांढराशुभ्र गड्डा एकदम पाहावा म्हणून. तिने नवं नऊवारी लुगडं नेसलं होतं आणि ती माझ्या उशाशी बसली होती, माझा हात हातात घेऊन. उशाशी बसलेलं माणूस मला दिसायचं नाही, आरशातही नाही. फक्त तिचा हात कळत होता.

गाणं झालं. पाळकसाहेब म्हणाले, "प्रार्थना करू या." सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या. माझी मान खाली घालायची सोय नव्हती, आणि डोळे मी मिटले नाहीत. मी कुणाला दिसत नव्हते.

पाळकसाहेबांची प्रार्थना एसटीसारखी. एकदा निघाली की प्रत्येक थांब्यावर थांबणार. पाऊस झाला, पीक झालं, नवं राज्य झालं, राज्य चालवणारे झाले. ते बैलांपर्यंत आले तेव्हा आरशात वहिनीची बकरी दिसली.

वहिनी शेतावर गेली होती आणि बकरीने दावं तोडलं होतं, तुकडा गळ्यात लोंबत होता. ती अंगणात उभी राहिली, इकडे तिकडे बघितलं. इतकी माणसं आणि एकही जण आपल्याकडे बघत नाही, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं. ती ओसरीवर चढली. मेथीची एक काडी ओढून पाहिली. कुणी हाड् म्हणालं नाही. तिने सरळ परातीत तोंड घातलं.

ओरडायला हवं होतं. पण चालू प्रार्थना तोडणं आमच्यात कुणी कधी केलं नव्हतं, घराला आग लागली असती तरी आधी आमेनची वाट पाहिली असती. बकरीने गोबीचं एक पान ओढलं, दुसरं ओढलं. पांढरा गड्डा उघडा पडला. ज्याला मंडळीने पाहायचं होतं त्याचं पहिलं दर्शन बकरीला झालं. तिने त्याला नाक लावलं आणि मन लावून खायला सुरुवात केली.

मला हसू फुटलं.

पोटातून कळ आली तसं आलं. दाबायला गेले तर प्लास्टरच्या आत सगळं अंग हलायला लागलं. खाट करकरली. नाकातून आवाज निघाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पाठ दुखत होती आणि मी हसत होते. आणि तेवढ्यात पाळकसाहेबांचा आवाज भरून आला: "प्रभू, या लेकराचे अश्रू पाहा. हिचं हृदय वितळलं आहे."

मंडळीला वाटलं, मी रडते आहे. मला रागीट म्हणणाऱ्या काकूंनी हुंदका दिला. वडील पायाशी उभे होते, ते चक्क रडू लागले. पाळकसाहेब बैल सोडून माझ्यावर आले आणि प्रार्थना जी संपायला आली होती ती नव्याने सुरू झाली. त्यांचा आवाज चढला तसं मला हसू आवरेना, मला हसू आवरेना तशी प्रार्थना लांबत गेली, आणि बकरीला वेळच वेळ मिळाला. आईचा हात माझ्या हातात घट्ट झाला होता. मला वाटलं, तीही रडते आहे.

आमेन झालं. डोळे उघडले. बकरीच्या तोंडातून सुतळी लोंबत होती आणि परातीत देठ उरला होता. मग जो गोंधळ झाला, कोंबडी ओरडली, पोरं धावली, वडील चष्मा पुसत उभेच राहिले. वहिनी शेतावरून आली तेव्हा तिला तोंड लपवायला जागा नव्हती. आई तिला म्हणाली, "रडू नोको व माय. देवाचं व्हतं, त्याच्याच जनावरानं खाल्लं. तुहं काय चुकलं त्यात?"

संध्याकाळी सगळे पांगले. आई मला भरवायला बसली. मी पोटभर हसल्यामुळे बरगड्या दुखत होत्या, आणि काय सांगू, किती तरी महिन्यांनी भूक लागली होती. आरशात ओसरी दिसत होती, त्यावर सांडलेले ज्वारीचे दाणे चिमण्या टिपत होत्या. ते मला सुंदर वाटलं. तसं मी आईला म्हणाले नाही. माझा विश्वास त्या दुपारी परत आला असंही मी म्हणणार नाही, तो काही चुकलेल्या गुरासारखा घरी येत नाही. पण देव बाहेर उन्हात हिंडत असेल हे माझं म्हणणं त्या दिवशी जरा डळमळलं. तो त्या गच्च खोलीत, माझ्याबरोबर, हसू दाबत पडला होता असं मला राहून राहून वाटत होतं. पाठ मात्र तशीच होती. प्लास्टर निघायला पुढचा उन्हाळा उजाडला, आणि तोवर मी आणखी पुष्कळदा रडले, चिडले, आढ्याला शिव्या दिल्या.

आई पहिला घास हातात घेऊन थांबली. मी खेकसले नाही. म्हटलं, "आई, तुला एक सांगू? मी रडत नव्हते."

"मले माहीत हाय."

"कसं माहीत? डोळे मिटलेले होते ना तुझे?"

तिने घास ताटात परत ठेवला.

"बकरी ओसरीवर चढली तवाच दिसली मले," ती म्हणाली.

किती पानं, किती राख, किती सकाळी. "मग हाकलली काऊन नाही?" मी विचारलं. तिची बोली माझ्याही तोंडात आली.

"हाकलली असती तं प्रार्थना मोडली असती. अन् तू हासून राह्यली होती, बाई. मी तुह्या तोंडाकडं पाहून राह्यलो होतो."

तिने पदराने डोळे पुसले आणि दाराकडे पाहिलं. मग विचारलं, "आता करू काय इथं? लहानशी करतो."

"कर," मी म्हटलं.

तिने सुरू केली. मी आरसा सोडून मान वळवता आली तेवढी तिच्याकडे वळवली. लहानपणापासून ज्या बाईने प्रार्थनेत आम्हाला डोळे मिटायला लावले, तिचे डोळे उघडे होते आणि माझ्याकडे बघत होते.