भेंडीच्या खवल्यांचे मासे

मला कुणी काम सांगितलं की तोंडातून आधी "हो" बाहेर पडतं आणि ते काम आपल्याला येतं का, हा विचार मागून येतो. मनुरेवा या उपनगरातल्या बालवाडीत हे "हो" इंग्रजीत असायचं. "स्वीट ॲज!" ऑकलंडला आल्यावर मला सगळ्यात आधी जमलेलं इंग्रजी हेच. ठीक आहे, होऊन जाईल, काळजी नको, असा त्याचा अर्थ. माझी काळजी ते म्हटल्यानंतरच सुरू होते.

तेव्हा मी त्या बालवाडीच्या स्वयंपाकघरात होते. फळं चिरायची, बशा धुवायच्या, सांडलेलं पुसायचं. नववीतच शाळा सुटलेल्या बाईला परदेशात रोज शाळेत जायला मिळतंय, याचंच मला इतकं अप्रूप, की त्या प्लास्टिकच्या बशाही मी देवाच्या भांड्यांसारख्या घासायचे.

मे महिन्याच्या तोंडावर आमच्या जपानी बाईंच्या मुलीला कांजिण्या आल्या आणि बाई रजेवर गेल्या. पाच मेला जपानात मुलांचा सण असतो. घराबाहेर उंच काठीला कागदाचे नाहीतर कापडाचे लांबलचक मासे बांधतात. तोंड उघडं, शेपूट उघडी, वारा आत शिरला की ते हवेत पोहायला लागतात. पाण्याच्या उलट्या धारेवर चढणारा मासा, तशी आपली पोरं दणकट व्हावीत म्हणून. आमच्याकडे दरवर्षी हे मासे त्या बाई मुलांकडून करून घ्यायच्या. आता बालवाडीच्या मोठ्या बाईंनी मला बोलावलं.

"आठवडाभर तू वर्गात थांबशील? मासेही तूच कर. जमलं तर तुला कायमची वर्गातच घेऊ."

"स्वीट ॲज!"

पापाकुराला घरी पोचल्या पोचल्या मी माशांचं रडगाणं लावलं. वर्गात, मुलांमध्ये, कायमची! नवरा म्हणाला, "घाबरतेस काय? आकाशकंदीलच की तो. झिरमिळ्यांच्या जागी शेपूट." लेकीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ ट्यूब."

"अगं, ट्यूब करीन. खवले कसे करू?"

"ड्रॉ देम."

तीन-चार वर्षांच्या मुलांना खवले काढायला सांगायचे! त्यांना खडू सरळ धरता आला तरी आम्ही टाळ्या वाजवतो. भाजी चिरता चिरता मला एकदम आठवलं. अख्ख्या शाळेत मला एकदाच शाबासकी मिळाली होती, ती ठसेकामाला. भेंडी आडवी कापायची, रंगात बुडवायची, कागदावर दाबायची. फूल उमटतं. फुलाशेजारी फूल, त्याच्या खाली फूल, झाले खवले. मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या माणसाला दुसरं काही येवो न येवो, भेंडीचा ठसा येतोच.

भारतीय दुकानातल्या फिजीच्या मावशींनी पिशवी तोलत विचारलं, इतके पाहुणे येणार आहेत का? मी म्हटलं, "आहेत वर्गभर. सगळे पाच वर्षांच्या आतले." "आणि भेंडी खातात?" त्यांनी माझ्याकडे इतक्या आदरानं पाहिलं, की खरं सांगायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाया मोठ्या मुलांना घेऊन वाचनालयात गेल्या होत्या. इथं बालवाडीतल्या बाईंना इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या भाषेत फाया म्हणतात, म्हणजे आपली मावशीच. आमच्या या फाया स्वतः माओरी, वयानं सगळ्यांत मोठ्या, आणि मोठ्या बाईसुद्धा त्यांचं ऐकतात. त्या नसल्यामुळे छोटी मुलं आणि मी, असं राज्य होतं.

मी भेंडी कापली. आतून तार सुटल्याबरोबर एक मुलगी आनंदानं किंचाळली, "स्नॉट!" मग सगळ्यांना तो शेंबूडच हवा होता. गमबूट घातलेल्या एका मुलानं पहिला ठसा स्वतःच्या कपाळावर मारला आणि आपण मासा झाल्याचं जाहीर केलं. "काय म्हणतात याला?" त्यांनी विचारलं. "भेंडी," मी म्हटलं. मग दर ठशाला आरोळी. "भेंडी! भेंडी!" माझी लेक जो शब्द कधी उच्चारत नाही, तो वर्गभर घुमत होता. मासे निळे झाले, लाल झाले, एक तर सगळ्या रंगांचा मिळून चिखलाच्या रंगाचा झाला. ओसरीत दोरीवर टांगले तर वाऱ्यानं फुगून हलायला लागले. मला वाटलं, आपली नोकरी पक्की.

तेवढ्यात फाया आल्या. "किया ओरा" म्हणत नेहमीसारख्या हसल्या. मग त्यांची नजर रंगाच्या थाळीवर गेली आणि हसू अर्ध्यावरच थांबलं.

"हे काय आहे, डिअर?"

"भाजी!" मी अभिमानानं सांगितलं.

"खायची?"

"हो हो! फार छान लागते!"

"ताजी आहे?"

"एकदम! कालच आणली!"

माझा खड्डा मी स्वतःच्या हातानं, हसत हसत खणत होते. फाया मला बेसिनपाशी घेऊन गेल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "आपण इथं काईशी खेळत नाही. काई म्हणजे अन्न. ते पोटासाठी असतं, रंगात घालायला नसतं. आमच्या लोकांत हे फार जुनं आहे आणि इथं सगळेच पाळतात. पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना तुला?"

सांगितलंच असणार. पहिल्या दिवशी मला भराभर पुष्कळ सांगितलं होतं आणि त्या सगळ्याला मी "स्वीट ॲज" म्हटलं होतं.

मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ताटात शीत राहिलं तर मी लेकीला पूर्णब्रह्म ऐकवते. सांडलेल्या तांदळाला पाय लागला तर उचलून डोळ्यांना लावते. आणि हे भेंडीला लागू पडतं, असं माझ्या मनातही आलं नाही, कारण ते शाळेत शिकवलेलं होतं. शाळेत शिकवलेलं सगळं बरोबरच असतं, असा विश्वास बहुधा शाळा सुटलेल्यांचाच असतो.

मी आधी इंग्रजीत माफी मागितली, ते संपल्यावर हिंदीत, मग मराठीत. आवाज ऐकून मोठ्या बाई बाहेर आल्या. त्यांना बघून मी कुणी न सांगताच दोरीवरचे मासे काढायला लागले. मुलांनी भोकाड पसरलं.

"थांब, थांब. श्वास घे," फाया म्हणाल्या. "मासे राहू देत, मुलांनी केलेत ते. रंगवलेली भाजी मातीला देऊ. अजून उरलीय का?"

"अर्धी पिशवी."

"घरी तिचं काय करता?"

"तळतो. कुरकुरीत."

"मग उद्या तेच कर. ती काय आहे ते मुलांना कळू दे." मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या मीही येते." त्यावरून मला काहीच अंदाज आला नाही, म्हणजे वाईटच अंदाज आला.

आम्ही बागेत खड्डा खणला. मुलांनी रंगीत भेंड्या एकेक करून आत ठेवल्या आणि "बाय, भेंडी" म्हणत माती लोटली. एकीनं वाढदिवसाचं गाणं म्हटलं. समारंभाचं तिला तेवढंच येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तांदळाचं पीठ लावून, तिखट न घालता भेंडी तळून नेली. सगळे गोल बसले, फायांनी जेवणाआधीची प्रार्थना म्हटली. बशा फिरल्या. कुणी हात लावेना. मोठ्या बाई दारात उभ्या.

गमबूटवाला गंभीरपणे म्हणाला, "आम्ही काईशी खेळत नाही."

"खेळू नकोस रे राजा, खा," मी मराठीतच कळवळले.

त्यानं माझ्याकडे बघितलं, भेंडीकडे बघितलं. एक तुकडा उचलून बशीवर नीट दाबला, वर करून खाली फूल आलं नाही ना, ते तपासलं. मग तोंडात टाकला. आम्ही तिघीही त्याच्या जबड्याकडे बघत होतो.

"क्रंची," तो म्हणाला आणि शेजारणीची बशी ओढली. मग भांडण लागलं ते भेंडी संपेपर्यंत. मोठ्या बाईंच्या वाट्याला शेवटचा तुकडा आला, तोही करपलेला.

तो खातच त्या म्हणाल्या, "सोमवारपासून वर्गात ये. पुढं मतारिकी येतंय, माओरी नवं वर्ष. मुलांबरोबर चांदण्या करशील?"

"स्वीट..." मी म्हणायला लागले आणि आयुष्यात पहिल्यांदा मध्येच थांबले. फायांकडे वळून विचारलं, "चांदण्या कशाच्या करायच्या नाहीत, तेवढं आधी सांगा."