गॅलन कुठला, हे मी बघितलंच नाही

मंडळी, आज श्रीपेरुंबुदूरच्या आमच्या कारखान्यात माझी चांगलीच जिरली.

इंग्लंडहून आलेल्या जुन्या यंत्रात दहा गॅलन तेल भरायचं होतं. मी ऐटीत सांगितलं, "अडतीस लिटर."

दोन महिन्यांपूर्वी कामाला लागलेली तंजावरची कावेरी हळूच म्हणाली, "अक्का, तो अमेरिकन गॅलन. ब्रिटिश गॅलन मोठा असतो. साडेपंचेचाळीस लिटर लागेल."

तिचंच बरोबर होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. सात वर्षांत माझं कधी केलं नाही! मी तिला साधं 'छान' म्हटलं नाही.

परतताना कंपनीच्या बसमध्ये तिने माझ्यासाठी जागा धरली होती. मी मुद्दाम मागे जाऊन बसले.

आता लाज वाटतेय, पण जळफळाटही जात नाहीये. उद्या तिच्याशी काय बोलू?