अक्कांचा रोजचा एक पत्ता

विश्रांतीचा माझ्या थोरल्या नणंदेइतका राग करणारं माणूस सबंध मराठवाड्यात दुसरं सापडणार नाही. त्यांनी सगळा जन्म सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढला. हजारो रोग्यांना 'पडून राहा' म्हणून दरडावलं, आणि स्वतः मात्र खुर्ची ही वस्तू पेशंटच्या नातेवाइकांसाठी असते अशा समजुतीत राहिल्या. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. निवृत्तीनंतर त्या गावातल्या छावणी भागात दोन खोल्यांत राहायला गेल्या, पण वॉर्ड काही त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. उस्मानपुऱ्यात आमच्याकडे आल्या की आधी पलंगाच्या चादरीचे कोपरे गादीखाली असे काही खोचायच्या, की तिथं झोपणाऱ्याला पाय हलवायची सोय उरत नसे. चहाला उकळी यायची वाट बघणं त्यांना अपमानाचं वाटे. पातेल्याकडं त्या अशा रोखून बघत की चहा बिचारा घाबरून वर येई. सिल्लोडला नात्यातल्या एका लग्नात पंगतीला उशीर होतोय म्हटल्यावर त्यांनी कारभार हातात घेतला आणि मधुमेहवाले इकडं, बिगर मधुमेहवाले तिकडं अशा दोन रांगा लावल्या. नवरदेवाचे वडील चुकून पहिल्या रांगेत बसले आणि पोराच्याच लग्नात जिलेबीला मुकले. त्यांना मधुमेह नाही हे कळल्यावर अक्का म्हणाल्या, "नाय? मग तपासून घ्या म्हणावं. चेहऱ्यावरनं वाटायलाय."

अशा बाईच्या दोन्ही गुडघ्यांनी एक दिवस राजीनामा दिला. ऑपरेशन झालं. डॉक्टर अक्कांच्या डोळ्यांदेखत शिकून मोठे झालेले, त्यामुळं त्यांनी जरा लांब उभं राहूनच सांगितलं, की सहा आठवडे सक्त आराम. आम्ही त्यांना घरी आणलं. तिसऱ्याच दिवशी त्या वॉकर घेऊन माझ्या स्वयंपाकघरात डबे पुसत होत्या. शेवटी पुण्याहून सुट्टीवर आलेल्या माझ्या लेकीनं बॅगेतून एक खोका काढला. त्यात टॅरोचे, म्हणजे भविष्य बघायचे चित्रांचे पत्ते होते.

"आत्या, रोज सकाळी एक काढायचा. दहा मिनिटं नुसतं चित्र बघायचं. मनात काय येतं ते बघायचं. बास."

"भविष्य बिविष्य आपल्या घरात कुणी बघत नाय," अक्का म्हणाल्या. "बुद्धवंदना म्हणणारी माणसं आपण. माझ्या बापानं पंचांगसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाय."

"भविष्य नाहीच हे. हे थांबायला शिकण्यासाठी आहे."

"थांबायला शिकायला पत्ते लागतात व्हय?"

"तुला लागतील," लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी समोर घड्याळ ठेवलं, चष्मा लावला आणि पहिला पत्ता ओढला. एका पायानं उलटा टांगलेला माणूस निघाला. जरा थांबून जगाकडं वेगळ्या बाजूनं बघ, असा त्याचा अर्थ लेकीनं समजावून सांगितला. अक्कांनी तो पत्ता खालीवर करून तपासला. "पाय ताणून ठेवायला ट्रॅक्शन लावलंय याला. पण वजन बरोबर लावलेलं नाय. चेहरा शांत आहे, म्हणजे दुखत नसंल." पुढच्या दिवशी दगडी थडग्यावर हात जोडून निजलेला शिपाई आला. हा म्हणे विसाव्याचा पत्ता. अक्का म्हणाल्या, "झोपलाय का गेलाय, आधी नाडी बघायला पाहिजे." एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतणारी, पंख असलेली बाई म्हणजे संयम, असं पत्त्यांसोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. अक्कांच्या मते ती कुणा पेशंटचा चहा निववत होती आणि तिला नोकरीत कायम करायला हरकत नव्हती. असा महिनाभर त्यांनी त्या पत्त्यांचा राउंड घेतला. मग एकदा कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून झाडाकडं बघत उभा असलेला शेतकरी निघाला. "हा नुसता बघायलाय," त्या म्हणाल्या. "वाढायचं ते झाड वाढंल. हा काय करणार?" एवढं बोलून त्याही झाडाकडं बघत बसल्या. मी दोनदा येऊन बघून गेले. दहाची वीस मिनिटं झाली होती आणि घड्याळाकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

ही बातमी जिन्यावरून खाली जायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरच्या भाभी वर आल्या. "अक्का, मेरे लडके का रिश्ता कब जमेगा? एक पत्ता निकाल के बोलो ना."

अक्कांनी पत्ता काढला, नीट बघितला. "इसमें तारीख नाय लिखी. लडका सोता कब?"

"रात के दो-दो बजे तक मोबाइल चलता उसका."

"पहले दस बजे सुलाव उसको. आँखों के नीचे काला पडेला है, लडकीवाले क्या देखेंगे?"

मुलगा झोपायला लागला आणि योगायोग असा, की पंधरा दिवसांत त्याचं जमलं. मग सगळी गल्ली येऊ लागली. कुणाला राजा निघो, राणी निघो नाहीतर घोड्यावरचा सांगाडा निघो, अक्कांचं औषध एकच होतं: आठ तास झोप, पाणी भरपूर आणि घाई बंद.

गुडघे बरे झाले तशा त्या पत्ते घेऊन छावणीला परतल्या. आणि त्याच वर्षी, दिवाळी उरकल्यावर, आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय हळूहळू सुधारले, पण वाचा गेली. अख्ख्या घराला बोलून बोलून जेरीस आणणारा माणूस खिडकीशी मुका बसून राहिला. सराव करून घ्या असं सांगितल्यामुळं मी दिवसभर त्यांच्या मागं लागायची. हा पेला. म्हणा, पे-ला. म्हणा ना. ते तोंड फिरवायचे.

अक्का रोज सकाळी काठी टेकत रिक्षानं यायच्या. धाकट्या भावासमोर पत्ते पसरायच्या. "काढ बापू." हे डाव्या हातानं एक ओढायचे. अक्का तो दोघांच्या मध्ये ठेवायच्या आणि बसून राहायच्या. विचारायचं नाही, सुचवायचं नाही, काही नाही. मला ते बघवत नसे. एकदा मी आतून म्हणाले, "अहो, घोडा आहे तो. सांगा ना."

"त्याचं उत्तर तू देऊ नको," अक्का म्हणाल्या.

"अक्का, महिना झाला."

"व्हय. अजून एक जाईल."

तो महिनाही गेला. मग एका सकाळी दरडीच्या टोकाला उभा राहून आभाळाकडं बघणाऱ्या मुलाचा पत्ता निघाला. त्याच्या पायाशी एक पांढरं कुत्रं होतं. मी भाजी निवडत होते. बराच वेळ गेला. मग ओळखीचा, पण गंजल्यासारखा आवाज आला. "कु... कुत्रं."

मी उठणार, तोच अक्कांनी माझं मनगट धरलं. "व्हय, कुत्रं," त्या नेहमीच्याच सुरात म्हणाल्या आणि पुन्हा पत्त्याकडं बघू लागल्या. ह्यांचं बोट चित्रातल्या मुलावर आलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "पडंल."

"पडू दे," अक्का म्हणाल्या. "मी आहे."

त्या दिवशी त्यांना सोडायला मी खाली गेले. रिक्षाची वाट बघताना त्या आपण होऊन बोलल्या. "आई माझ्याच वॉर्डात होती. शेवटच्या दिवशी मला कायतरी सांगायली होती. शेजारच्या खाटेवर सलाईन लावायचं होतं. मी म्हणलं, आलेच." रिक्षा आली. "दोन मिनिटात आले मी. पण तिचं सांगून व्हायचं राहिलं."

आता हे बरंच बोलतात. शब्द अडतात, पण येतात. अक्का अजूनही येतात आणि बहीणभाऊ गॅलरीत बसतात, कधी पत्ता काढून, कधी तसेच. मी चहा घेऊन दारात उभी असते. ह्यांचं वाक्य सुरू असतं आणि पुरं व्हायला वेळ लागतो. मी थांबते. चहा थोडा निवतो.