गोट्याचा पाट

मंडळी, आज सकाळी जाम घाबरले होते. आमचा गोट्या, सहा वर्षांचा म्हातारा गिनी पिग, कालपासून जेवलाच नव्हता. त्याला संधिवात आहे आणि नाशिकच्या थंडीत तो जास्तच आखडतो. औषध रोज देते, गादीही जाड केलीय. तरी निफाडहून आलेली ताजी कोथिंबीर तशीच पडून! या जिवांनी दिवसभर खाल्लं नाही तरी जिवावर बेततं.

डॉक्टरांकडे न्यायला टोपली काढली, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याला वर चढवत नसेल."

अन्न जमिनीवर ठेवायचं नाही, म्हणून त्याची वाटी पाटावर ठेवायची शिस्त त्यांचीच. इतकी वर्षं तो पुढचे पाय पाटावर टेकवून खायचा.

त्यांनी पाट बाजूला केला. गुडघ्यांमुळे दोन वर्षं खुर्चीवर जेवणाऱ्या सासूबाई भिंतीला धरून चक्क खाली बसल्या आणि एकेक काडी त्याच्या तोंडाशी धरू लागल्या. गोट्या खायला लागला!

"आई, उठवू का तुम्हाला?"

"थांब, त्याचं होऊ दे. पंगतीतून आधी उठू नये."

डॉक्टरांना संध्याकाळी दाखवूच. पण खरं सांगा, तुमच्याही घरात एखादा पाट काढायचा राहिलाय का?