आधी त्याचं सांग: दूधविनायक ते युट्रेक्ट आणि परत

बनारसमधल्या दूधविनायकाच्या गल्लीत चाकांची बॅग चालत नाही. फरशीच्या फटीत चाक अडकतं, वळणावर म्हैस आडवी उभी असते आणि मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवून जीव नकोसा करतो. त्यामुळे माझा परदेशप्रवास डोक्यावरून सुरू झाला, म्हणजे माझ्या नव्हे, हमालाच्या. मैदागिनच्या चौकापर्यंत त्याने बॅग नेली, तिथून ऑटोने बाबतपूर विमानतळ. वाटेत जाम लागतोच, हातात भरपूर वेळ ठेवून निघा.

आई गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. "मेतकूट वरच्या खणात आहे, सत्तू खाली. आणि हे बघ, तिकडे कुणी काही खायला दिलं तर आधी पूछताछ कर." आमचं घरातलं मराठी असंच आहे. पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहून हिंदीची फोडणी बसलेलं.

मी सेहेचाळीस वर्षांची. बनारसच्या दिवाणी कचहरीत वकील आहे, पण वीस वर्षं एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली. कागद मी तयार करायचे, निवाडे मी शोधायचे, कोर्टापुढे उभे राहायचे तिवारीजी. त्यांनी मला कधी वाईट वागवलं नाही. सुरुवातीला दोनतीनदा बोलायला उभंही केलं होतं. पण मी समोरच्या पक्षाचं म्हणणं इतक्या मनापासून मांडायचे, की बाहेर आल्यावर ते पान लावत म्हणायचे, "मृदुला जी, मुवक्किल हमारा है कि उनका?" अशील आपला की त्यांचा, हा प्रश्न रास्तच होता. हळूहळू मी कागदांपुरतीच उरले.

ही खोड घरातली. अण्णा, माझे वडील, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या पाठशाळेत शिकवायचे. शास्त्रार्थाची शिस्त त्यांनी घरच्या भांडणांना लावली होती. दादा आणि मी भांडत गेलो, की अण्णा म्हणत, "आधी त्याचं सांग." दादाची तक्रार मी माझ्या तोंडाने सांगायची. दादा "हो, असंच" म्हणेपर्यंत माझी तक्रार ऐकली जायची नाही. तोच नियम दादालाही.

जूनमध्ये कचहरीला सुट्टी असते. नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट गावी तीन आठवड्यांचा उन्हाळी वर्ग होता: देशोदेशीचे कायदे शिकणारे विद्यार्थी एकत्र, आणि शेवटी लवादापुढे लुटुपुटीचा खटला. मी अर्ज केला. वयाची अट नव्हती, हे तीनदा वाचलं. मनाशी एकच ठरवलं होतं. तिथे एक खटला सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी स्वतः मांडू शकले, तर परत येऊन कचहरीच्या आवारात स्वतःची चौकी टाकायची, म्हणजे अशिलांना भेटायची स्वतंत्र वकिलाची लाकडी बैठक. नाही जमलं, तर कागद आहेतच. तिवारीजी हसून म्हणाले होते, "घूम आइए. आपकी कुर्सी यहीं रहेगी." त्या प्रेमळ वाक्याने जितकं टोचलं, तितकं कुठल्याही रागावण्याने टोचलं नसतं.

पोहोचल्यावर

दिल्लीहून रात्रीचं विमान, सकाळी ॲमस्टरडॅम. विमानतळाच्या खालूनच रेल्वे निघते आणि अर्ध्या तासात युट्रेक्ट येतं. फाटकावर कार्ड टेकवून आत जायचं आणि उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. उतरल्यावर टेकवायला मी विसरले आणि जास्तीचे पैसे कापून घेतले गेले. तुम्ही विसरू नका. व्हिसासाठी दिल्लीला स्वतः जावं लागलं. प्रवास, फी, राहणं सगळं मिळून एका छोट्या जुन्या मोटारीएवढा खर्च झाला. माझ्याकडे मोटार नाही, त्यामुळे हिशोब सोपा होता.

कित्येक दुकानांत रोख रक्कम घेत नाहीत. नळाचं पाणी प्या, उत्तम असतं. बाहेर जेवणं महाग, म्हणून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भात लावायचा आणि त्यावर मेतकूट. सायकलींच्या लाल रस्त्यावर चुकूनही उभं राहू नका. तिथे घंटी वाजवतात ती आमच्या गोदौलिया चौकातल्या हॉर्नपेक्षा सौम्य असते, पण मागे जो कटाक्ष येतो तो फार वाईट.

आणि कालवे! युट्रेक्टचे कालवे रस्त्याच्या एक मजला खाली आहेत. पायऱ्या उतरून थेट पाण्याच्या काठावर जाता येतं, तिथे तळघरांतून खाणावळी मांडलेल्या. पहिल्या संध्याकाळी मी उतरले, शेवटच्या पायरीवर बसले आणि सवयीने चप्पल काढून बाजूला ठेवली. संकठा घाटावर बसते तशी. शेजारच्या बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं, हसल्या आणि स्वतःचे बूट काढले. सूर्य रात्री दहा वाजेपर्यंत मावळायचं नाव घेत नव्हता.

नासपतीचा वर्ग

पहिल्या तासाला आमच्या प्राध्यापिका मार्लीन यांनी टेबलावर एक नासपती ठेवली. केस पांढरे, आवाज खणखणीत. "झाड शेजाऱ्याचं आहे. फळ तुमच्या अंगणात पडलं. फळ कोणाचं?"

जर्मनीचा मुलगा म्हणाला, "माझं. आमच्या संहितेत लिहिलंय." ब्राझीलचा फेलिपे म्हणाला, "आमच्याही." लागोसची अडा उसळली, "अजिबात नाही! झाड त्याचं तर फळ त्याचं. पण आमच्या घरी असेल तर आजोबांचं, आणि त्यावर अपील नाही."

मार्लीन माझ्याकडे वळल्या. "वाराणसीत?"

"कायदा अडासारखाच," मी म्हणाले. "पण आमच्या गल्लीत फळ माकड नेतं."

वर्ग हसला आणि माझ्या छातीवरचं एक ओझं उतरलं. इतक्या वेगळ्या कायद्यांत वाढलेली माणसं एका फळाभोवती बसून भांडत होती आणि प्रत्येकाला आपलंच न्याय्य वाटत होतं. मला ते भांडण फार आवडलं.

खटल्यासाठी गट पडले. अडा, फेलिपे आणि मी एका बाजूला. अडा पंचविशीची, बोलण्यात वीज. तिच्याकडे मोठ्या बाईला आंटी म्हणतात, त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून आंटी. फेलिपे मला अदबीने 'डोना मृदुला' म्हणायचा.

खटला साधा होता. एका व्यापाऱ्याने ट्युलिपचे कंद जहाजाने पाठवले. बंदरात संप झाला, माल अडकला, कंद कुजले. विकणारा म्हणतो, संपाला मी काय करू? घेणारा म्हणतो, माझा हंगाम बुडाला. आम्ही घेणाऱ्याचे वकील.

सराव फेरी

सराव फेरीत मी उभी राहिले आणि जे व्हायचं तेच झालं. विकणाऱ्याची बाजू मी इतकी सुरेख मांडली, की समोरच्या गटातली मुलगी टिपणं काढायला लागली. टेबलाखालून अडाची लाथ बसली. माझी वेळ संपली. आम्ही हरलो.

संध्याकाळी कालव्याच्या पायरीवर अडाने बटाट्याच्या तळलेल्या कापांचा कागदी कोन माझ्या हातात दिला आणि मग तोंड सोडलं.

"आंटी, खरं सांगा. त्यांच्याकडून फी घेतलीत ना?"

"मला आवडलं," फेलिपे म्हणाला. "भांडण नेमकं काय आहे, ते आज पहिल्यांदा कळलं."

"कळलं म्हणूनच हरलो!"

मग मी त्यांना अण्णांचा नियम सांगितला. पतंगावरून झालेलं भांडणही सांगितलं. पतंग माझा, मांजा दादाचा. मी दादाचं म्हणणं मांडलं, दादा म्हणाला, "हो, असंच."

"मग तुम्ही काय म्हणालात?" अडाने विचारलं.

मी तोंड उघडलं. आठवेना.

"पतंग कोणी उडवला?"

"दादाने."

अडाने कपाळाला हात लावला. "आंटी! तुम्ही अजूनही पतंग देऊनच येताय!"

मी हसले खरी, पण कोन तसाच तिच्या हातात परत दिला. खोलीवर येऊन नागपूरला दादाला फोन लावला. तो तिथे बँकेत असतो. "दादा, अण्णांच्या नियमात 'हो, असंच' नंतर काय होतं?"

"नंतर? नंतर तुझी पाळी होती. तू बोलायचीसच नाहीस. मी पतंग घेऊन पळायचो."

"आणि अण्णा?"

"अण्णा बसून राहायचे गं. तुझ्याकडे बघत. वाट बघत असावेत."

अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्या लांबलेल्या उजेडात, खिडकीशी बसून मी खूप रडले. नियम चुकीचा नव्हता. मी तो अर्धाच वापरला होता.

शेवटचा दिवस

लवादावर तिघे बसले होते. मधल्या खुर्चीत मार्लीन, दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या देशांचे निवृत्त न्यायाधीश. अडा कानाशी म्हणाली, "आंटी, लाथ तयार आहे."

मी सुरुवात तशीच केली. संप अचानक झाला, विकणाऱ्याने माल वेळेत चढवला होता, त्याचंही नुकसान झालं. सगळं नीट सांगितलं. मग समोरच्या मुलीकडे वळून विचारलं, "तुमचं म्हणणं मी बरोबर मांडलं का?"

ती गोंधळली. मग म्हणाली, "हो. असंच आहे."

कालपर्यंत मी इथे थांबले असते. पण आता समोर कुणीतरी वाट बघत बसलं आहे, असं वाटलं.

"हे सगळं मला मान्य आहे," मी म्हणाले. "आणि तरीही नुकसान यांनीच भरायला हवं. संप झाल्याचं यांना कळलं, पण यांनी आम्हाला कळवलं नाही. कळवलं असतं, तर आम्ही दुसरीकडून कंद घेतले असते. संप तुमच्या हातात नव्हता. फोन होता."

मग मी एकेक पुरावा मांडला, एकेक कलम. उजवीकडच्या न्यायाधीशांनी मध्येच अडवून तिखट प्रश्न विचारला, त्याचंही उत्तर दिलं आणि पुन्हा माझ्या जागेवर येऊन माझंच पुढे बोलत राहिले. समोरची मुलगी उभी राहिली, तेव्हा तिला आपल्या बाजूचं नवीन सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

तिघांनी एकमताने निकाल दिला. आम्ही जिंकलो! अडाने मला उचललं, खरोखर उचललं, चष्म्यासकट. माझ्या आईने बरोबर बांधून दिलेले लाडू उरले होते, ते फेलिपेने सगळ्यांना वाटले. न्यायाधीशांनाही. मार्लीन लाडू खात म्हणाल्या, "हे तुम्ही कुठे शिकलात?"

"घरी," मी म्हणाले. "पतंगाच्या भांडणात."

परत

बाबतपूरला उतरले तेव्हा अंगाला ऊन चिकटलं. मैदागिनला तोच हमाल भेटला, म्हणाला, "बैग तो हल्की हो गई, दीदी." आईने दारातच विचारलं, "जिंकलीस?" मी हो म्हणताच तिने देवापुढे साखर ठेवली आणि मग सत्तू का उरला म्हणून झापलं.

कचहरी उघडली त्या दिवशी मी तिवारीजींकडे गेले. म्हटलं, "आप कहेंगे कि बीस साल साथ रखा, सिखाया. बाहर मुवक्किल जल्दी नहीं मिलता, और बहस मेरे बस की नहीं. यही न?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हाँ. यही."

"सब सही है. आपका एहसान भी सिर-आँखों पर. फिर भी मैं अपनी चौकी लगाऊँगी."

त्यांनी पान गालात सरकवलं. मग हसायलाच लागले. "अब हमारे कहने को छोड़ा क्या आपने? किधर लगेगी? धूप से हटकर लगाइएगा."

लाकडी चौकी ठेल्यावरून आली, पत्र्याच्या शेडखाली पिंपळाच्या बाजूला लागली. परदेशाने मला काय दिलं, असं वाचकांपैकी कुणी विचारलं, तर माझ्याकडे कालव्याचे फोटो आहेत, अडाचे रोजचे निरोप आहेत. पण मी परत आणलेली मुख्य गोष्ट इथूनच गेली होती. फक्त तिचा उरलेला अर्धा भाग मला तिथे सापडला. जायची इच्छा असेल तर जा. चाळिशी उलटली असेल तर नक्की जा.

माझा पहिला अशील एक कपड्याचा दुकानदार होता. भाडेकरूवर भयंकर चिडलेला. त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "पहले यह बताइए, वह क्या कहता है?"

तो भडकला. "मैडम, आप हमारी वकील हैं कि उसकी?"

"आपकी," मी म्हणाले. "इसीलिए पूछ रही हूँ."