दारी नको

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं अण्णा, म्हणजे माझे वडील, मला लहानपणापासून ऐकवत आले. खरी भिंगरी त्यांच्याच पायाला. सरकारी कारखान्यातली इंजिनियरकी संपली तसे ते रोज सकाळी बंगळुरात बसवनगुडीतल्या आमच्या घरापासून बागेपर्यंत पायी जाऊ लागले. तिथल्या ठरलेल्या बाकावर कारखान्यातले एक जुने मित्र वाट बघत असत. ऐंशी उलटली तरी खंड नाही. मग एक दिवस आमच्याच फाटकासमोर, फुटपाथच्या उचकटलेल्या फरशीला अडखळून ते पडले. हाड मोडलं नाही, माझा धीर मात्र मोडला. मी त्यांचं बाहेर जाणंच बंद केलं. भाजी, दूध, औषधं सगळं घरपोच येऊ लागलं, केस कापणारासुद्धा.

पण मी गप्प बसणारी बाई नव्हे. शहरभर चालायच्या आणि सायकलच्या वाटांचं जाळं आखायचं, आणि त्याआधी लोकांना विचारायचं, असं ठरलं तेव्हा आमच्या भागाच्या समितीत मी आपणहून घुसले. गल्लीतून बागेपर्यंत एक सपाट, सलग वाट झाली की अण्णा पुन्हा चालते होतील, हा माझा सरळसरळ स्वार्थ. घरोघरी विचारायचा प्रश्नही मीच लिहिला. कुणी कन्नडमध्ये 'पादचारी मार्ग' सुचवत होतं. म्हटलं, हे जड प्रकरण कुणाच्या डोक्यात शिरणार? साधं विचारा, 'दारी बेका?' कन्नडमध्ये दारी म्हणजे वाट. वाट हवी का? सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मी दोन दिवस हवेत होते.

ठरलेल्या वाटांची यादी हातात आली तर आमच्या गल्लीवर फुली. वाट कोपऱ्यावरच्या घराला लागून वळणार होती, म्हणून त्या घराची संमती हवीच होती. तिथे लिहिलं होतं, 'नको'. कोपऱ्यावरचं घर आमचं. माझं डोकंच फिरलं. समितीचे प्रमुख म्हणाले, "अक्का, यादी आज संध्याकाळच्या बैठकीत पक्की होणार. बदलायची तर ज्यांनी नको म्हटलं त्यांनीच येऊन सांगावं."

तणतणत घरी आले. अण्णा खिडकीशी बसले होते. हल्ली ते तिथेच बसत.

"समितीच्या त्या दोघी बायका विचारायला आल्या होत्या, त्यांना काय सांगितलंत?"

"म्हणाल्या, दारी बेका. मी म्हटलं, बेड. नको."

"पण का?"

"का काय? भाजी दारी, औषध दारी, न्हावी दारी. अजून काय दारी आणणार आहेस? म्हटलं, आता दारी काही नको. साकु, पुरे. मला बाहेर जायचंय."

अण्णांचा उभा जन्म बंगळुरात गेला, पण कारखान्यात हिंदी-इंग्रजी आणि घरात मराठी. कन्नड म्हणाल तर स्वल्प, सरी, साकु, बेका आणि बेड, एवढ्यावर त्यांचं दुकान चालायचं. तो शब्द त्यांनी मराठीतच ऐकला. आणि मी, दोन्ही भाषा येतात म्हणून मिरवणारी, तो प्रश्न लिहिताना माझ्याच घरात कोण बसलंय ते विसरले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मला हसू आलं. पण इतके आठवडे मी त्या फरशीला शिव्या घालत होते, आणि त्यांना घरात कोंडलं होतं मीच. लाज वाटली, खरंच.

मी त्यांना कन्नड दारीचा अर्थ सांगितला. त्यांनी दोनदा तो शब्द स्वतःशीच म्हणून बघितला. मग उठले, कपाटाखालचे बूट ओढून काढले, धूळ झटकली. नाड्या बांधायला मी वाकले तर माझा हात बाजूला सारला. स्वतःच बांधत बसले, एक सुटली, पुन्हा बांधली. बैठक सुरू व्हायला आली होती, सभागृह दोन चौक पुढे. माझा जीव वरखाली होत होता. सवयीने मी फोन काढला.

"ऑटो बोलावू?"

नाडीवरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "दारी?"

मी फोन पर्समध्ये टाकला आणि त्यांची काठी आणायला आत गेले.